फुगवणाऱ्या अँटेनाची चाचणी आणि मॉडेल: २० पास्कलचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३ मीटर व्यासाचा, अवकाशात फुगवायचा परावर्तक अँटेना. समोरासमोर दोन पातळ पडदे, मध्ये वायू, म्हणजे आकार भिंगासारखा. मागचा पडदा १२ मायक्रॉन जाडीच्या मायलारचा (पॉलिएस्टरच्या फिल्मचा), त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. पुढचा तेवढ्याच जाडीचा, पण पारदर्शक. दोन्ही पडदे परिघावर फुगवलेल्या नळीच्या गोल चौकटीला, म्हणजे टोरसला, बांधलेले. नाभीय अंतर ३ मीटर, काम ८.४ गिगाहर्ट्झच्या एक्स बँडमध्ये. संगणकावरचे मॉडेल पडद्याची पहिली नैसर्गिक वारंवारता १५ हर्ट्झ दाखवते, प्रयोगशाळेत ती २ हर्ट्झच्या आसपास सापडते. मोजलेला पृष्ठभाग पॅराबोलाला बसत नाही. सकाळची मोजणी दुपारी जुळत नाही. मग चूक मॉडेलची की चाचणीची?

बहुधा दोघांचीही नाही. मॉडेल कक्षेतल्या अँटेनाचे आहे आणि चाचणी हवेत टांगलेल्या अँटेनाची आहे. धातूच्या अँटेनात या दोन गोष्टींत थोडाच फरक पडतो. इथे तो दसपटीपर्यंत जातो, आणि त्याचे कारण एका आकड्यात आहे.

भिंगाच्या मधोमध पडद्याची वक्रता त्रिज्या नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे ६ मीटर. सुरकुत्या निघून जाव्यात एवढा ताण पडद्यात हवा. मायलारसाठी ५ मेगापास्कल धरू. जाडी १२ मायक्रॉन असल्याने दर मीटर रुंदीला ६० न्यूटन ताण होतो. गोलाकार पडद्यात ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन. त्यावरून दाब निघतो २० पास्कल, म्हणजे पाण्याची जेमतेम २ मिलिमीटर उंची. वातावरणाच्या दाबाचा हा पाच हजारावा भाग आहे. रचनेवरचा मुख्य भार इतका हलका असला की जमिनीवरची प्रत्येक क्षुल्लक गोष्ट त्याच्याशी बरोबरी करू लागते. त्या गोष्टींचा एकेक करून हिशेब लावणे हेच या अँटेनाच्या चाचणीचे निम्म्याहून जास्त काम आहे.

हवा

आधी १५ आणि २ हर्ट्झचा प्रश्न. पडद्याचे वजन दर चौरस मीटरला १६.७ ग्रॅम. ६० न्यूटन प्रतिमीटर ताणाच्या सपाट गोल पडद्याचे सूत्र लावले तर निर्वातात १५ हर्ट्झच येतात, म्हणजे मॉडेल ठीक आहे. पण दोन्ही पडद्यांचे मिळून वजन २३६ ग्रॅम आहे. ते हवेत हलताना आजूबाजूची हवाही ढकलतात. ३ मीटरची ताठ चकती हवेत पुढेमागे हलली तर तिच्याबरोबर सुमारे १०.८ किलो हवा हलते. भिंगाच्या पोटात आणखी १.६ किलो हवा आहे. पाव किलोच्या पडद्याला बारा किलोच्या वर हवा चिकटली, म्हणजे हलणारे वस्तुमान पन्नासपटीच्या वर गेले आणि वारंवारता सातपटीने उतरली. १५ चे २ होतात ते असे. हा अंदाज ढोबळ आहे, कारण पडदा ताठ चकतीसारखा हलत नाही. पण गोंधळाचे मूळ कुठे आहे हे समजायला तो पुरेसा आहे.

हवा फक्त वजन वाढवत नाही. ती स्प्रिंगही होते, आणि ही गोष्ट बरेच जण विसरतात. दोन्ही पडदे एकाच दिशेला हलले तर भिंगाचे आकारमान बदलत नाही. ते एकमेकांपासून दूर जाऊन पुन्हा जवळ आले, म्हणजे भिंगाने श्वास घेतल्यासारखे केले, तर आतला वायू दाबला जातो. जमिनीवर आत १,०१,००० पास्कलची हवा आहे, कक्षेत २० पास्कलचा नायट्रोजन. या अँटेनाच्या मापांवर हिशेब केला तर श्वास घेणारी कंपनरीत जमिनीवर सुमारे २४० पट कडक होते. कक्षेत ती जेमतेम ५ टक्के कडक होते. म्हणून ती जमिनीवरच्या चाचणीत खालच्या वारंवारतांमध्ये दिसतच नाही, आणि ती अस्तित्वातच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून मॉडेल दोन करा. एक जमिनीचे: गुरुत्व, बाहेरची हवा, आतली हवा, सगळे घालून. बाहेरच्या हवेसाठी ध्वनीचे एलिमेंट (मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांचे बनते ते) वापरा, आतल्या हवेसाठी बंद पोकळीचे एलिमेंट. हे मॉडेल चाचणीशी जुळवा. जुळल्यावर त्याच मॉडेलमधून हवा आणि गुरुत्व काढून घ्या. उरते ते कक्षेचे मॉडेल. निर्वातातले मॉडेल हवेतल्या चाचणीशी जुळवायला कोणी पडद्याची घनता किंवा मॉड्युलस (ताणले जाण्याला होणारा विरोध) वाकवू लागले, तर आकडे जुळतात आणि मॉडेल निकामी होते.

निर्वात कक्ष मिळत असेल तर उत्तमच, आणि त्यासाठी फार खोल निर्वात लागत नाही. १३३ पास्कलला, म्हणजे १ टॉरला, हवेच्या वजनामुळे होणारी चूक ३–४ टक्क्यांवर येते. १० पास्कलला ती नगण्य. धोका पंप चालू असताना आहे. अर्ध्या तासात वातावरणापासून खाली यायचे म्हटले तर कक्षाचा दाब सरासरी सेकंदाला ५६ पास्कलने उतरतो. भिंगातली हवा बाहेर पडायला ०.४ सेकंद उशीर झाला की तेवढ्यात २० पास्कलचा फरक तयार! भिंग १.३ घनमीटरचे आहे. त्याला पेन्सिलीएवढी नळी लावून चालणार नाही. आतबाहेर जोडणारा मोठ्या तोंडाचा, उघडाच राहणारा व्हॉल्व्ह ठेवा, पंप सावकाश चालवा, दाब स्थिर झाल्यावरच तो बंद करून भिंग फुगवा. हवा परत आत सोडताना हीच काळजी उलट्या दिशेने घ्यायची. तेव्हा बाहेरचा दाब जास्त झाला तर पडदे आतल्या बाजूला कोसळतात आणि टोरसशी बांधलेल्या जागी फाटतात.

गुरुत्व, उष्णता, दमटपणा

पडद्याचे वजन दाबाच्या भाषेत ०.१६ पास्कल, म्हणजे २० च्या १ टक्क्याहून कमी. ३ मीटरला हे सोसवते. आकार वाढला, पडदा पातळ झाला, दाब उतरला की परिस्थिती बदलते: ६.३५ मायक्रॉनचा पडदा आणि २ पास्कल दाब असेल तर वजन दाबाच्या ४ टक्क्यांवर जाते. उपाय जुना आणि साधा आहे. भिंग आडवे ठेवा, परावर्तक वर करून मोजा, मग पूर्ण उलटून मोजा, आणि दोन्ही पृष्ठभागांची सरासरी घ्या. वजनाचा परिणाम दोन्ही वेळा विरुद्ध दिशेने असल्यामुळे तो बराचसा कापला जातो. टोरसला मात्र हा उपाय पुरत नाही. तो किमान सहा-आठ ठिकाणी लांब, मऊ दोऱ्यांनी लटकवावा लागतो, आणि लटकवण्याची स्वतःची वारंवारता टोरसच्या पहिल्या वारंवारतेच्या पाचव्या भागाहून खाली ठेवावी लागते.

सकाळ-दुपारचा फरक उष्णतेचा आहे. कडक भांड्यात कोंडलेली हवा १ अंशाने तापली तर दाब जवळजवळ ३४६ पास्कलने वाढतो. भिंग मऊ असल्याने बहुतेक वाढ फुगण्यात जाते, तरी या मापांवर आतला दाब सुमारे २ पास्कलने चढतो आणि मधली खोली ०.६ मिलिमीटरने वाढते. एका अंशाला एवढे. पंखा लावला, दार उघडले, तीन माणसे जवळ उभी राहिली तरी एक अंश सहज बदलतो. त्यामुळे भिंग फुगवून तोंड बांधून मोजायला बसू नका. वायू सतत थोडा येत राहील आणि थोडा बाहेर पडत राहील अशी जोडणी करा, बाहेरच्या नळीचे तोंड पाण्यात २ मिलिमीटर बुडवा किंवा फरकाचा दाब मोजणाऱ्या, ०–१०० पास्कल टप्प्याच्या कॅपॅसिटन्स मापकावर नियंत्रण ठेवा. दाब २० च्या अर्ध्या पास्कल इकडेतिकडे धरला तर खोलीतला फरक ०.१६ मिलिमीटरवर राहतो. एक्स बँडला तेवढे पुरते. दाब मोजणारी नळी वायू देणाऱ्या नळीपासून वेगळीच हवी. एकाच नळीतून दोन्ही कामे केली तर प्रवाहामुळे होणारी दाबाची घट मापकात मिसळते आणि २० पास्कलच्या जागी कितीही दिसू शकते.

खोलीतले फरक एवढे मोठे का, हे समजून घेण्यासारखे आहे. भिंग उथळ आहे: त्रिज्या १.५ मीटर, खोली फक्त १८.७५ सेंटिमीटर. अशा उथळ कमानीत मध्यापासून कडेपर्यंतच्या चापाची लांबी १ मिलिमीटर वाढली की खोली ६ मिलिमीटरने वाढते. २० पास्कलला मायलार ०.०७ टक्के ताणला जातो, चाप १ मिलिमीटरने वाढतो, खोली ६ मिलिमीटरने, आणि नाभी तब्बल १० सेंटिमीटर आत सरकते. आता कक्षेतली उष्णता घ्या. मायलार दर अंशाला साधारण १७ दशलक्षांशाने प्रसरण पावतो. १०० अंशांच्या फरकाला ०.१७ टक्के, म्हणजे दाबाने होणाऱ्या ०.०७ टक्के वाढीच्या दुपटीहून जास्त. टोरसही तेवढाच तापला आणि तेवढाच वाढला तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते टोरस सावलीत आणि पडदा उन्हात असताना. म्हणून उष्णतेच्या मॉडेलमध्ये पडदा आणि टोरस यांच्यातला फरक काळजीने काढायचा असतो, एकट्या पडद्याचे तापमान फार काही सांगत नाही.

दमटपणाचेही तसेच. पडदा मायलारऐवजी कॅप्टनचा (Kapton, पॉलिइमाइडची फिल्म) असेल तर तो हवेतली वाफ शोषून वाढतो, दर १ टक्का सापेक्ष आर्द्रतेला सुमारे २२ दशलक्षांश. मुंबईसारख्या किनारपट्टीच्या गावात पावसाळ्यात कापलेला कॅप्टन कोरड्या निर्वातात गेला आणि ५० टक्के आर्द्रता गमावून बसला, तर तो ०.११ टक्के आखडतो. फुगवण्याने मायलार जेवढा ताणला जातो त्याहून अधिक! कापण्याची आणि चिकटवण्याची खोली वर्षभर एकाच आर्द्रतेला ठेवा आणि ती आर्द्रता मॉडेलच्या सुरुवातीच्या स्थितीत लिहा. हा एक आकडा कागदावर नसल्यामुळे पुढचे महिने वाया जातात.

पृष्ठभाग पॅराबोलाला का बसत नाही

सपाट गोल पडदा कडेला पकडून फुगवला की पॅराबोला होतो, हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. हेन्कीने १९१५ मध्येच हा प्रश्न सोडवला होता. फिक्टरने १९९७ मध्ये नासासाठी तो पुन्हा तपासला आणि दाब नेहमी पृष्ठभागाला लंब राहतो ही बारीक गोष्ट त्यात आणली. उत्तर पॅराबोला नाही. पॅराबोलाच्या आकाराच्या कळ्या कापून शिवलेला पडदाही फुगल्यावर पॅराबोला राहत नाही, कारण ताण मध्यावर आणि कडेला सारखा नसतो. सर्वांत जवळच्या पॅराबोलापासूनची चूक व्यासाच्या रेषेवर काढली तर ती इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी दिसते. तुमच्या मोजणीत हे डब्ल्यू दिसत असेल तर ते तुमच्या कारागिराचे पाप नव्हे.

कळी हा शब्द इथे शिंप्याच्या अर्थानेच घ्या. कळीदार घागऱ्यात जसे वर निमुळते, खाली रुंद तुकडे जोडतात, तसाच हा पडदा सपाट तुकड्यांचा जोडतात. योग्य रीत उलटी आहे. फुगलेला पॅराबोला आधी पक्का करा, त्या आकारात प्रत्येक ठिकाणचा ताण काढा, त्या ताणाने पडदा किती वाढला असेल तेवढा वजा करा, मग जो आकार उरतो तो कळ्यांत सपाट उलगडा. ते कापनकाशे पुन्हा मॉडेलमध्ये फुगवून बघा. तीन-चार फेऱ्यांत डब्ल्यू बराच उतरतो. या हिशेबात मॉड्युलस लागतो, आणि मायलार-कॅप्टनचा मॉड्युलस रोलच्या लांबीत आणि रुंदीत सारखा नसतो. प्रत्येक कळी रोलच्या एकाच दिशेत कापा, आणि दोन्ही दिशांच्या पट्ट्या स्वतः ताणून बघा. एएसटीएम डी८८२ ही पातळ फिल्मची पद्धत आहे. मॉड्युलस हवा असेल तर पट्टी २५० मिलिमीटर लांब पकडा. क्लिपचा एक्स्टेन्सोमीटर (लांबीतला बदल मोजणारे उपकरण) एवढ्या पातळ फिल्मला स्वतःच ओढतो, म्हणून लांबीतली वाढ कॅमेऱ्याने मोजा. त्याच पट्टीवर ५ मेगापास्कल ठेवून एक-दोन दिवस सरक (भार तोच असताना हळूहळू वाढत जाणारी लांबी, म्हणजे क्रीप) मोजायलाही विसरू नका.

कापण्यात चूक किती चालते? २४ कळ्या, प्रत्येकीच्या दोन कडा, प्रत्येक कड ०.१ मिलिमीटर एकाच बाजूला चुकली तर परिघात ४.८ मिलिमीटर, त्रिज्येत पाऊण मिलिमीटर फरक येतो. चुका इकडच्या-तिकडच्या असत्या तर बऱ्याच कापल्या गेल्या असत्या. म्हणून खरा शत्रू म्हणजे सरकलेला साचा, बोथट पाते किंवा चिकटवताना प्रत्येक वेळी त्याच हाताने थोडी जास्त ओढलेली कड.

सांध्याचे दुखणे निराळे. कडेला कड लावून वर फिल्मची पट्टी चिकटवली की तिथे जाडी आणि कडकपणा दुपटीहून वर जातो, चिकट पदार्थाची सरक वेगळी आणि प्रसरण वेगळे. फुगल्यावर सांधा ताणत नाही, दोन्ही बाजूंची फिल्म ताणते, आणि कडेजवळ सांध्या-सांध्यांमध्ये पडदा खरबुजासारखा फुगतो. मॉडेलमध्ये सांधे वेगळ्या गुणधर्मांच्या अरुंद पट्ट्या म्हणून घाला. ‘सगळीकडे थोडा जाड पडदा’ असा सरासरी हिशेब चालत नाही, कारण समान अंतरावर येणारी चूक रेडिओ लहरींना खिडकीच्या गजांसारखी दिसते: गेन (हव्या त्या दिशेला मिळणारी अँटेनाची ताकद) थोडाच उतरतो, पण ठरावीक कोनांवर नको असलेले किरण उभे राहतात.

एकूण चूक किती परवडते याला रूझचे १९६६ चे सूत्र पुरते. ८.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३५.७ मिलिमीटर. आरएमएस चूक (सगळ्या पृष्ठभागावरच्या चुकांचे वर्गमध्यमूळ) ०.७ मिलिमीटर असेल तर गेन ०.२६ डेसिबलने उतरतो, १ मिलिमीटरला ०.५४ ने, २ मिलिमीटरला २.१५ ने. तोच १ मिलिमीटरचा पृष्ठभाग ३२ गिगाहर्ट्झला ७.८ डेसिबल खातो. तुमच्या कामाला १ मिलिमीटर पुरेसा आहे. त्याच्या खाली घासत बसण्यापेक्षा नाभीवरचा फीड (लहरी सोडणारा आणि घेणारा भाग) थोडा पुढेमागे करता येईल अशी सोय ठेवा, कारण नाभी सरकणे हे फीड हलवून दुरुस्त होते, डब्ल्यू आणि सांधे होत नाहीत. पृष्ठभागाचा त्रास मुळातच टाळायचा असेल तर सपाट पडद्यावर छापलेल्या घटकांचा रिफ्लेक्टअॅरे हा मार्ग आहे. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने एक्स बँडसाठी १ मीटरचा आणि केए बँडसाठी ३ मीटरचा फुगवणारा रिफ्लेक्टअॅरे याच विचाराने बनवला. ताणलेला सपाट पडदा सपाट ठेवणे फुगवलेला वक्र पडदा पॅराबोला ठेवण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

मोजणी कॅमेऱ्यांनी, म्हणजे फोटोग्रामेट्रीने. चिकटवायच्या चकाकत्या टिकल्या टाळा: त्यांची जाडी ०.१ मिलिमीटर, पडद्याच्या आठपट, आणि प्रत्येक टिकली आपल्याभोवती पडदा ओढते. प्रोजेक्टरने पाडलेले ठिपके बरे. पण मुलामा आरशासारखा असल्याने ठिपके त्यावर दिसत नाहीत. फक्त चाचणीच्या नमुन्यावर पांढऱ्या भुकटीचा अगदी विरळ थर द्यावा लागतो. कंपन मोजायला त्वरणमापक लावणे तर विसराच. १ ग्रॅमचा मापक म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर पडद्याचे वजन. लेसर व्हायब्रोमीटर (स्पर्श न करता कंपन मोजणारे उपकरण) वापरा. हादरे हातोडीने देऊ नका. पडदा तिथल्या तिथे खड्डा होऊन शांत बसतो. टोरसवर चिकटवलेल्या लवचीक पिझो-पट्ट्या किंवा टोरसच्या बुडाशी छोटा शेकर. प्रत्येक मोजणी तीन दाबांवर आणि तीन जोरांवर घ्या. वारंवारता जोराबरोबर उतरत असेल तर कुठेतरी सुरकुत्या उघडझाप करत आहेत.

टोरस आणि मॉडेल

दोन्ही पडदे मिळून टोरसला आत ओढतात, दर मीटर परिघाला ११६ न्यूटन. त्यामुळे टोरसमध्ये १७४ न्यूटनचा दाबणारा भार येतो. २० सेंटिमीटर व्यासाची नळी धरली तर नुसता हा भार झेलायला तिच्यात ५.५ किलोपास्कल लागतात; २० किलोपास्कल ठेवले तर नळीच्या टोकाला ६२८ न्यूटन मिळतात आणि भिंत ताणलेली राहते. वर्तुळ मुडपून लंबगोल होऊ नये म्हणून वाकण्याला विरोध निदान १५० न्यूटन-वर्गमीटर हवा. ७५ मायक्रॉन कॅप्टनची नळी साधारण ५९० देते. चौपट. ही चौपट ऐषारामाची नव्हे, हे घड्यांच्या हिशेबात दिसेल. नळीचा सर्वांत जवळचा धोका सुरकुतीचा: स्टाइन आणि हेजपेथ यांच्या १९६१ च्या हिशेबाने नळी वाकताना ३१ न्यूटन-मीटरला पहिली सुरकुती येते, ६३ ला नळी मोडून पडते. आकडे पदार्थावर अवलंबून नाहीत, फक्त दाब आणि त्रिज्या यांवर. मॉडेल तपासायला यापेक्षा स्वच्छ कसोटी नाही.

मॉडेल बांधताना पहिली अडचण अशी की न ताणलेल्या पडद्याला आडवा कडकपणा शून्य असतो आणि गणित पहिल्याच पायरीवर कोसळते. पडद्याला थोडे थंड केल्यासारखे दाखवून ०.१ मेगापास्कलचा कृत्रिम ताण द्या, दाब थोडा थोडा चढवा, मग कृत्रिम ताण काढून पुन्हा समतोल साधा. सॉफ्टवेअरने स्थिरतेसाठी वापरलेली ऊर्जा एकूण ताण ऊर्जेच्या १ टक्क्याच्या आत आहे का पाहा. नसेल तर उत्तर पडद्याचे नसून त्या कुबडीचे आहे. दाब पृष्ठभागाबरोबर वळतो हे सांगणारा पर्याय चालू ठेवा. वारंवारता काढण्याची पायरी या ताणलेल्या स्थितीनंतरच, तिच्यावर आधारून. पुढे जाण्याआधी दोन तपासण्या: मध्यावरचा ताण ६० न्यूटन प्रतिमीटरच्या एक-दोन टक्क्यांत आहे का, आणि एका पडद्याच्या कडेच्या उभ्या प्रतिक्रियांची बेरीज २० पास्कल गुणिले ७.०७ चौरस मीटर, म्हणजे १४१ न्यूटन, येते का.

सुरकुत्यांसाठी दोन पायऱ्या. दाबणारा भार सहन न करणारे, फक्त ताणले जाणारे पडद्याचे एलिमेंट सुरकुत्या कुठे आणि कोणत्या दिशेत पडतील ते स्वस्तात सांगते, पण किती उंच ते सांगत नाही. आरएमएस काढायचा असेल तर त्या भागात शेल एलिमेंट (वाकण्याचा कडकपणाही धरणारे), बारीक मेश आणि सुरुवातीची छोटी वाकडेतिकडेपणाची पेरणी लागते. अख्ख्या भिंगाला शेल लावू नका. टोरसला बांधलेल्या जागांजवळच्या एक-दोन कळ्या पुरेत.

घड्या, उरलेली हवा आणि गळती

फुगवणाऱ्या अँटेनाचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष धडा मे १९९६ चा आहे. एंडेव्हर या स्पेस शटलच्या एसटीएस-७७ मोहिमेत स्पार्टन उपग्रहावरून एलगार्ड कंपनीने बनवलेला १४ मीटरचा परावर्तक, २८ मीटर लांबीच्या तीन फुगीर दांड्यांसह, उलगडला गेला. अँटेना शेवटी ठरलेल्या ढोबळ आकाराला आला, पण उलगडण्याची वाट अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली, भिंग हव्या त्या दाबाला फुगले नाही आणि पृष्ठभागाची अचूकता कक्षेत मोजता आली नाही. उलगडणे बिथरण्याची दोन कारणे सांगितली गेली: घड्यांमध्ये राहिलेली हवा आणि दाबून बसवलेल्या घड्यांतली साठलेली ऊर्जा. उरलेल्या हवेचा इतिहास त्याहून जुना आहे. एको उपग्रहाच्या ३०.५ मीटर फुग्याची पहिली उपकक्षीय चाचणी २८ ऑक्टोबर १९५९ ला झाली. फुगा फुगता फुगता फाटला, कारण तेच. एको-१ए ऑगस्ट १९६० मध्ये कक्षेत गेला तोपर्यंत ही हवा आधी काढून घेण्याची शिस्त बसली होती.

तुमच्या भिंगावर हा हिशेब करून पाहा. घड्यांत फक्त १ लिटर हवा राहिली. कक्षेत ती १.३ घनमीटर भिंगात पसरते आणि सुमारे ७० पास्कल दाब देते. ठरलेल्या दाबाच्या साडेतीनपट, आणि तुम्ही अजून एकही व्हॉल्व्ह उघडलेला नाही. पडद्यातला ताण १८ मेगापास्कलच्या आसपास जातो; मायलार तो सोसेल. पण पडदे आता टोरसला मीटरला ४०० न्यूटनने आत ओढत आहेत, आणि पूर्ण फुगलेला टोरससुद्धा ४३० च्या आसपास मुडपतो. प्रत्यक्षात टोरस त्या क्षणी अर्धवटच फुगलेला असतो. क्रम उलटला: आधी टोरस, मग भिंग, असे व्हायचे ते आधी भिंग झाले. म्हणून घडी घालताना प्रत्येक घडीतून हवेला बाहेर जायची वाट ठेवा, डबा प्रक्षेपणाआधी पंपाने रिकामा करा, आणि भिंगाला टोरस भरेपर्यंत उघडा राहणारा मोठा व्हॉल्व्ह द्या. उलगडण्याचे मॉडेल एक्स्प्लिसिट पद्धतीने (काळाच्या अगदी छोट्या पायऱ्यांनी) करताना घड्यांतल्या वायूचे वजन हा एक आकडा बदलत किमान पाच वेळा चालवा.

घडीची चाचणी अशी: पृष्ठभाग मोजा, गळती मोजा, घडी घाला, डब्यात ठरलेले दिवस ठेवा, उघडा, पुन्हा मोजा. तीनदा. पहिल्या घडीनंतर मॉड्युलस उतरल्यासारखा वाटतो, कारण ताणाचा काही भाग घड्या सरळ करण्यात जातो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आकडे स्थिरावतात. मॉडेल जुळवायचे ते या स्थिरावलेल्या आकड्यांशी.

गळतीसाठी दाब किती उतरला हे बघणे जमिनीवर निरर्थक आहे, कारण एका अंशाने दाब २ पास्कल हलतो. २० पास्कल टिकवायला किती वायू सतत द्यावा लागतो तो प्रवाह मोजा. सगळी भोके मिळून १ चौरस सेंटिमीटर असतील तर जमिनीवर मिनिटाला साधारण २० लिटर लागतील. तीच भोके कक्षेत दिवसाला पाव किलोच्या आसपास नायट्रोजन सोडतील. भिंगात एकूण वायू फक्त ०.३ ग्रॅम आहे, तो दोनेक मिनिटांत संपेल, पण कमी दाबामुळे भरपाईचा साठा आवाक्यात राहतो. म्हणूनच बेन्झोइक ॲसिडसारखी कक्षेत हळूहळू वायूत जाणारी भुकटी लहान अँटेनांसाठी सोयीची पडते.

टोरसचे तसे नाही. त्यात २० किलोपास्कलला ७१ ग्रॅम वायू आहे आणि त्याच आकाराचे भोक तिथून हजारपट वेगाने वायू घालवते. काही महिन्यांहून जास्त आयुष्य हवे असेल तर टोरस फुगल्यावर कडक होणाराच घ्या: अतिनील किरणांनी किंवा उष्णतेने पिकणारे रेझिन, किंवा १९६४ च्या एको-२ सारखा ॲल्युमिनियम-मायलार-ॲल्युमिनियमचा थर, जो दाबाने जरा जास्त ताणून ॲल्युमिनियमला कायमचे सरळ करतात आणि मग दाब सोडून देतात. असा टोरस निवडलात तर मॉडेलमधून त्याचा २० किलोपास्कल दाब काढा आणि वारंवारता, मुडपणे, उष्णता, सगळे पुन्हा चालवा. १७४ न्यूटनचा भार आता वायू झेलत नाही, भिंत झेलते आहे.